शेवटचा रकाना गावाचा: गिरमिटिया पूर्वजांचा माग

मॉरिशसच्या मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटचे अभिलेखागार आहे. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला हिंदुस्थानातून त्या बेटावर ऊसमळ्यांत करारावर राबायला आलेल्या साडेचार लाखांच्या आसपास माणसांच्या, म्हणजे गिरमिटियांच्या, नोंदी तिथे जपून ठेवल्या आहेत. वहीतली एक ओळ म्हणजे एक माणूस. क्रमांक, जहाज, नाव, बापाचे नाव, जात, वय, उंची, अंगावरच्या खुणा, जिल्हा, परगणा, गाव. यांतल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. मागे त्यांची पत्रे उरली नाहीत, रोजनिशी उरली नाही, जमिनीचा कागद तर त्यांच्या नावावर कधी नव्हताच. त्यांच्या असण्याचा पहिला आणि पुष्कळदा एकमेव लेखी पुरावा म्हणजे ही ओळ.

ज्या कारकुनाने ती लिहिली, त्याला कुणाचा इतिहास जपायचा नव्हता. मजूर मळ्यातून पळाला तर ओळखता यावा, मेला तर हिशेबातून कमी करता यावा, मुदत संपली की करार पुन्हा लिहून घेता यावा, एवढ्यासाठी वही होती. माणसांवर ताबा ठेवायला बांधलेल्या याच वहीत आज त्यांची खापरपणतवंडे आपले मूळ गाव शोधतात. हा शोध कसा चालतो आणि कुठे अडतो, हे मराठी वाचकाला माहीत असायला हवे. त्या जहाजांवर रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूरकडची माणसेही होती, आणि त्यांच्या ओळीतला गावाचा रकाना नीट वाचणारा माणूस बहुधा महाराष्ट्रातच भेटणार.

वही का लिहिली गेली

१८३५च्या फेब्रुवारीत मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. मळेवाल्यांना मजूर हवे होते आणि ते त्यांनी हिंदुस्थानात शोधले. त्याच्या थोडे आधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘ॲटलस’ हे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईच्या बंदरात लागले. त्या दिवसाची आठवण म्हणून आजही मॉरिशसमध्ये २ नोव्हेंबरला सुट्टी असते.

पहिल्या काही वर्षांत या व्यवहाराला फारसा धरबंद नव्हता. फसवणुकीच्या आणि छळाच्या हकिगती कलकत्त्यापासून लंडनपर्यंत पोचल्या, ओरड झाली आणि ही वाहतूक थांबवावी लागली. १८४२मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा अटी आल्या. मजूर मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या तीनच बंदरांतून जातील, प्रत्येक बंदरात नेमलेला एजंट असेल, सरकारी अधिकारी माणसाला समोर उभे करून विचारील, डॉक्टर तपासील आणि मॉरिशसला उतरल्यावर ‘प्रोटेक्टर’ नावाचा अधिकारी त्याची नोंद घेईल. प्रत्येक अटीमागे एक कागद जन्माला आला. आज संशोधकाला जे सापडते ते या अटींमुळे.

कागद दोन टोकांना तयार होत. निघण्याच्या बंदरात एजंट जहाजावर चढणाऱ्यांची यादी करी आणि ती जहाजाबरोबर पाठवी. पोर्ट लुईत उतरताना तीच यादी हातात धरून माणसे मोजली जात आणि प्रत्येकाला नवा क्रमांक मिळे. चढलेले आणि उतरलेले यांतला फरक म्हणजे समुद्रावर गेलेले जीव. १८५६च्या सुरुवातीला ‘हैदरी’ आणि ‘फत्ते मुबारक’ या दोन जहाजांवर पटकी पसरली. त्यांवरच्या माणसांना गॅब्रिएल बेटावर उतरवून तिथेच ठेवले आणि त्यांतले शेकडो तिथेच मेले. अशा माणसाचा माग जहाजाच्या यादीपाशीच संपतो. म्हणून अनुभवी शोधक निघतानाची आणि उतरतानाची अशा दोन्ही याद्या मागतो. एकीत नाव आहे आणि दुसरीत नाही, हेसुद्धा उत्तर असते.

उतरण्याची जागा आजही पाहता येते. पोर्ट लुईच्या धक्क्यावर १८४९मध्ये बांधलेला इमिग्रेशन डेपो, म्हणजे आजचा आप्रवासी घाट, २००६पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. धक्क्याच्या पायऱ्या चढून माणसे आत येत, तिथे त्यांची नोंद होई आणि मग मळेवाला त्यांना घेऊन जाई.

एकेक रकाना, एकेक प्रश्न

या वहीतला प्रत्येक रकाना कुणीतरी, कशासाठी तरी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे. तो प्रश्न समजला की उत्तरावर किती विसंबायचे ते कळते.

सगळ्यांत भरवशाचा रकाना क्रमांकाचा. मॉरिशसमध्ये हा क्रमांक जहाजागणिक नव्याने सुरू होत नसे, तो पुढे चालू राही. एकदा मिळालेला क्रमांक माणसाला मरेपर्यंत चिकटे. करारावर तोच, दवाखान्यात तोच, पोलिसांकडे तोच आणि त्याच्या लग्नाच्या किंवा मुलाच्या जन्माच्या नोंदीतही पुष्कळदा तोच. एकाच नावाची अनेक माणसे असतात, पण क्रमांक एकाचाच असतो. शोधाची किल्ली हीच.

नाव आणि बापाचे नाव हे रकाने माणूस ओळखण्यासाठी होते. आडनावाला तिथे जागा नव्हती. कोकणातल्या कुणब्याला विचारले असते तर त्याने कदाचित वाडीचे किंवा घराण्याचे नाव सांगितलेही असते, पण ते विचारलेच गेले नाही. ‘रामा, बाप गोविंद’ एवढ्यावर भागले. पुढे मॉरिशसमध्ये आडनाव लावायची वेळ आली तेव्हा बापाचे किंवा आजोबाचे नावच आडनाव झाले. लक्ष्मण, नारायण, सखाराम अशी आडनावे तिथल्या घराण्यांत म्हणूनच आढळतात. तेव्हा मॉरिशसचे आडनाव घेऊन कोकणात तेच आडनाव शोधत फिरणे व्यर्थ. ते आडनाव म्हणजे मूळ पुरुषाचे पाळण्यातले नाव असण्याचीच शक्यता अधिक.

वयाच्या रकान्यात वीस, पंचवीस, तीस असे गोल आकडे वारंवार दिसतात. जन्मतारीख कुणाला ठाऊक नव्हती. कारकुनाने चेहरा पाहून आकडा घातला, किंवा भरती करणाऱ्या दलालाने पढवून ठेवलेले वय माणसाने सांगितले. वयात पाच-सात वर्षांची तफावत निघाली म्हणून नोंद टाकून देऊ नये.

जातीचा रकानाही जपून वाचावा. अधिकाऱ्याला जे ऐकू आले ते त्याने लिहिले. मुंबईहून गेलेल्यांपुढे ‘मराठा’ असे लिहिलेले असेल तर ती जात असेल, नाहीतर मराठी मुलखातला माणूस एवढाच अर्थ असेल. कुणी जात मुद्दाम लपवली, कुणी बदलून सांगितली. भरतीवाल्याला शेतात राबणारे हात हवे होते आणि माणसाला जहाजावर जागा हवी होती.

उंची आणि खुणा हे रकाने पळालेल्या मजुराला पकडण्यासाठी होते. देवीचे वण, भाजल्याचा डाग, हातावरचे गोंदण, तुटलेले बोट असे काहीही तिथे लिहिलेले असते. मोजमाप ताब्यासाठी घेतले होते, पण आपल्या पूर्वजाला देह होता आणि त्यावर जगण्याच्या खुणा होत्या, हे वंशजाला इतक्या थेटपणे सांगणारा दुसरा कागद नाही.

काहींचा फोटोही सापडतो. १८६७च्या मजूर कायद्याने मॉरिशसमध्ये करार संपवून मोकळ्या झालेल्या जुन्या मजुरांवर फोटो चिकटवलेला परवाना बाळगण्याची सक्ती आली. परवाना नसला की भटक्या म्हणून अटक. या जाचाविरुद्ध १८७१मध्ये आदॉल्फ द प्लेविट्झ या मळेवाल्याने पुढाकार घेतला आणि नऊ हजारांहून अधिक हिंदी मजुरांच्या नावांचा अर्ज सरकारकडे गेला. पुढे ब्रिटनमधून शाही आयोग आला आणि १८७५मध्ये त्याचा अहवाल निघाला. कायदा अन्यायाचा होता यात शंका नाही. त्याच कायद्यामुळे १८५०च्या आसपास रत्नागिरीहून निघालेला आणि १८६७नंतर हयात असलेला एखादा म्हातारा छायाचित्रात सापडू शकतो. त्या पिढीच्या कोकणी शेतकऱ्याचे छायाचित्र आपल्याकडे मिळणे जवळजवळ अशक्य.

शोध उलटा चालतो

जहाजांच्या याद्यांपासून सुरुवात करू पाहणारा बहुधा हरतो. एका नावाची शेकडो माणसे निघतात आणि यांतला आपला कोण, हे ठरत नाही. वाट आजपासून मागे जायची.

आधी घरातले सगळ्यांत वृद्ध माणूस. आजीला तिच्या सासऱ्याचे नाव आठवते, कोणत्या मळ्यावर बिऱ्हाड होते ते आठवते, घरातल्या कुळाचाराचे काही तुकडे आठवतात. हे सारे लगेच लिहून ठेवावे. मग सरकारी जन्म, लग्न आणि मृत्यूचे दाखले. आपला दाखला, बापाचा, आजोबाचा असे एकेक पिढी मागे जात राहायचे. मॉरिशसच्या जुन्या दाखल्यांत हिंदी मजुराच्या नावापुढे त्याचा क्रमांक लिहिण्याची रीत होती. मागे जाता जाता एखाद्या दाखल्यात तो क्रमांक भेटतो आणि तिथून वाट सरळ होते. क्रमांकावरून उतरल्याची नोंद, नोंदीवरून जहाज आणि तारीख, जहाजावरून निघण्याचे बंदर, आणि शेवटी गाव.

मध्ये एक अडथळा हमखास येतो. धार्मिक विधीने लागलेल्या लग्नाची सरकारदरबारी नोंद झालेली नसेल, तर मूल अनेकदा आईच्या नावावर लागे. मग बापाकडचा धागा दाखल्यात तुटतो आणि आईच्या क्रमांकावरून वळसा घेऊन पुढे जावे लागते. मॉरिशसमध्ये जन्मलेल्या मुलांना आप्रवासी क्रमांक नव्हता, त्यांची ओळख आईबापांच्या क्रमांकानेच होई. करार संपवून परत मायदेशी जाणाऱ्यांच्याही नोंदी आहेत, आणि आलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा परत गेला. एखाद्या घरात ‘आजोबा दोनदा आले’ अशी आठवण असेल तर त्यांच्या नोंदीही दोन असणार. दुसऱ्या खेपेला पत्नी, भाऊ, गावकरी बरोबर आलेले असू शकतात, म्हणून त्या जहाजावरच्या शेजारच्या ओळीही वाचाव्यात. एकाच गावची माणसे एकाच जहाजावर लागोपाठ नोंदलेली सापडतात, आणि एकाच्या ओळीत पुसट झालेले गाव दुसऱ्याच्या ओळीत स्वच्छ लिहिलेले असते.

इतर वसाहतींचे कागदही याच धाटणीचे आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत १८६० ते १९११ या काळात १,५२,१८४ गिरमिटिये उतरले आणि त्यांच्या जहाजवार याद्या आहेत. फिजीत १८७९ ते १९१६मध्ये साठ हजारांवर माणसे गेली आणि त्यांचे स्थलांतराचे वैयक्तिक परवाने राहिले. सुरिनामला १८७३ ते १९१६मध्ये गेलेल्या चौतीस हजारांवर माणसांची सूची नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून कुणालाही संगणकावर पाहता येते. फिजी, गयाना, सुरिनाम आणि त्रिनिदाद यांच्या या नोंदींना २०११मध्ये, तर मॉरिशसच्या नोंदींना २०१५मध्ये युनेस्कोने ‘जगाची स्मृती’ या सूचीत स्थान दिले. काळ जसा पुढे सरकला, कायदे कडक झाले, तसे कागदावरचे तपशील वाढत गेले. नंतरच्या परवान्यांवर पोलीस ठाण्याचे नाव असते, जवळच्या नातलगाचे नाव असते.

एका परवान्यातून काय काय हाती लागते, याचे उत्तम उदाहरण गायुत्रा बहादूर या लेखिकेचे ‘कुली वुमन’ हे २०१३चे पुस्तक आहे. त्यांची पणजी सुजारिया १९०३मध्ये ‘क्लाइड’ जहाजाने कलकत्त्याहून गयानाला गेली. परवान्यावरून कळले की ती एकटी निघाली होती आणि तेव्हा गरोदर होती. नवऱ्याचे नाव नाही. घरातल्या कहाण्यांत जे कुणी बोलले नव्हते, ते सरकारी कागदाने सांगितले. ती का निघाली, हे मात्र कागद सांगत नाही, कारण तो प्रश्न तिला कुणी विचारलाच नाही. बहादूर यांनी त्या एका ओळीच्या आधाराने जहाजे, मळे, खटले आणि अशा शेकडो स्त्रियांचे आयुष्य शोधून काढले. नोंदीचा उपयोग असा करायचा असतो. ती उत्तर देऊन थांबत नाही, पुढचा प्रश्न हातात देते.

मुंबईहून गेलेले

मॉरिशसला गेलेल्यांत सर्वांत मोठा भाग कलकत्त्याहून गेलेल्या बिहार आणि संयुक्त प्रांतातल्या माणसांचा, त्यानंतर मद्रासहून गेलेल्यांचा. मुंबईहून गेलेले दहांत एकही भरत नाहीत. तरी त्यांची वस्ती टिकली. मॉरिशसमध्ये आज मराठी शाळांत शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

हे मराठी लोक लवकर गेले. मुंबईहून मॉरिशसला जाणाऱ्यांची मुख्य लाट १८४० ते १८६०च्या दशकांतली. पुढे ती ओसरली, कारण मुंबईतच हाताला काम मिळू लागले. १८५३मध्ये आगगाडी धावली, त्याच दशकात पहिली कापडगिरणी उभी राहिली, आणि १८६१ ते १८६५च्या अमेरिकी यादवीत कापसाच्या तेजीने मजुरीचे दर चढले. रत्नागिरीचा माणूस समुद्र ओलांडण्याऐवजी गिरणगावाची वाट धरू लागला.

लवकर जाण्याचा परिणाम शोधावर होतो. १९००च्या सुमारास गेलेल्या भोजपुरी माणसाच्या कागदावर जितके तपशील असतात, तितके १८४५ला गेलेल्या मराठी माणसाच्या ओळीत नसतात. काहींच्या गावाच्या जागी नुसते ‘मुंबई’ लिहिलेले असते. तो मुंबईचा नसतो. पोट भरायला घाटावरून किंवा कोकणातून आधी मुंबईला आला, तिथे दलालाला भेटला, आणि कारकुनाने विचारले तेव्हा आता कुठून आलास याचे उत्तर त्याने दिले. अशा ओळीत जात, बापाचे नाव आणि शेजारच्या ओळी यांवरच भिस्त ठेवावी लागते.

त्याहून आधीची एक वेगळी वाटही आहे. १८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून शिक्षा झालेले सुमारे दीड हजार कैदी मॉरिशसला रस्ते बांधायला पाठवले गेले. १८३६मध्ये बेटावर आलेल्या चार्ल्स डार्विनने त्यांना पाहिले आणि आपल्या प्रवासवृत्तात त्यांच्याविषयी लिहिले. ज्यांचा पूर्वज गिरमिटियांच्या वहीत कुठेच सापडत नाही आणि घराण्याची आठवण मात्र फार जुनी आहे, त्यांनी या कैद्यांच्या नोंदीही पाहाव्यात. त्यात लाजण्यासारखे काही नाही. कंपनी सरकारच्या नजरेत गुन्हेगार ठरणे त्या काळी फार अवघड नव्हते.

मुंबईच्या टोकाचे कागद शोधायचे तर काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत असलेल्या महाराष्ट्र पुराभिलेखागारात जावे लागते. मुंबई सरकारच्या निरनिराळ्या विभागांची बाडे तिथे आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत वरच्या सरकारचा पत्रव्यवहार आहे. यांत माणसागणिक नोंद मिळण्यापेक्षा जहाजांविषयी, एजंटांविषयी, तक्रारी आणि चौकश्यांविषयी अधिक मिळते. आपला पूर्वज ज्या जहाजाने गेला त्या जहाजावर काय घडले, त्या वर्षी भरती का वाढली, हे समजायला हीच बाडे लागतात.

गाव ओळखायचे कसे

समजा क्रमांक मिळाला, ओळ मिळाली आणि गावाच्या रकान्यात काहीतरी लिहिलेलेही आहे. खरे काम इथून सुरू होते, आणि हे काम पोर्ट लुईत बसून होत नाही.

मराठी माणसाने उच्चारलेले गाव मराठी न येणाऱ्या कारकुनाने कानावर पडले तसे रोमन लिपीत उतरवले. मॉरिशसमध्ये फ्रेंच वळणाचे लेखन रूढ, त्यामुळे ‘लक्ष्मण’ तिथे एल, यू, एक्स या अक्षरांनी सुरू होतो. ट आणि त, ड आणि द, ण आणि न, ळ आणि ल यांतला भेद पुसला गेला. ‘च’ आणि ‘स’ची, ‘व’ आणि ‘ब’ची अदलाबदल झाली. म्हणून रोमन अक्षरे डोळ्यांनी वाचण्यापेक्षा मोठ्याने उच्चारून पाहावीत. कोकणातला एखादा म्हातारा ते ऐकून चटकन गाव सांगेल, जे नकाशावर बोट फिरवून सापडले नसते.

दुसरी अडचण प्रशासनाची. वहीतला जिल्हा आजचा नाही. त्या वेळच्या रत्नागिरीतच आजच्या सिंधुदुर्गाचा मोठा भाग होता. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१मध्ये. सावंतवाडी आणि कोल्हापूर ही संस्थाने होती. सातारा १८४८पर्यंत छत्रपतींच्या राज्यात होते आणि आजच्या सांगलीचा बराच भाग साताऱ्यात मोडत होता. रायगडचे नाव कुलाबा होते. ‘सातारा’ असे लिहिलेले असेल तर शोध आजच्या सातारा जिल्ह्यापुरता ठेवून चालत नाही. त्यात एकाच नावाची गावे. वडगाव, नांदगाव, पिंपळगाव किती आहेत त्याला सुमार नाही. परगण्याचे किंवा तालुक्याचे नाव सोबत असेल तरच निवड होते. कोकणात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. माणूस महसुली गावाचे नाव सांगण्याऐवजी वाडीचे सांगतो. वाडीचे नाव सरकारी यादीत सापडत नाही, ते गावकऱ्यालाच ठाऊक असते.

कामाची साधने आहेत. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई गॅझेटियरचा रत्नागिरी आणि सावंतवाडीवरचा दहावा खंड १८८०चा आहे. जुनी तालुके-महाल रचना त्यात समजते. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांत तालुकावार प्रत्येक गावाची यादी आहे, तिच्याशी वहीतले लेखन ताडून पाहता येते.

गाव पक्के झाल्यावर कुळाकडे जायचे. इथे एक भ्रम दूर करायला हवा. मॉरिशसहून येणाऱ्या माणसाला लोक सात-बारा काढायला सांगतात. हक्कनोंदणीची ती पद्धत विसाव्या शतकातली, आणि आपला माणूस तिच्याआधी अर्धशतक गेलेला. त्याचे नाव तिथे असणार नाही. शिवाय रत्नागिरीतली कितीतरी गावे खोती होती, जमीन कसणाऱ्या कुळाचे नाव सरकारी कागदावर नीट आले ते १८८०च्या खोती कायद्यानंतर, बोटखतात. तेव्हा गेलेल्या माणसाला न शोधता मागे राहिलेल्या भावांचे वंशज शोधावेत. बापाचे नाव धरून जुनी बोटखते, फेरफार, जन्ममृत्यूच्या नोंदींची कोतवाल बुके पाहावीत. यांतले पुष्कळ मोडीत आहे. अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधासाठी तालुक्यातालुक्यातली दफ्तरे उघडली गेली, मोडी वाचकांना बोलावले गेले आणि वर्षानुवर्षे न हललेले कागद वाचले गेले. मनावर घेतले तर हे होते, याचा हा दाखलाच आहे. तीर्थक्षेत्रांतल्या उपाध्यांच्या नामावळीही विसरू नयेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या वह्यांत घराण्यातला कुणी यात्रेला आला तेव्हा भावाबंदांची नावे लिहिली गेली असतील, तर गावाची आणि कुळाची गाठ तिथे पडू शकते.

आणि जिथे कागद थांबतो, तिथे चालीरीती बोलतात. मॉरिशसचे मराठी लोक गणपतीत ‘झाकरी’ नाचतात. रत्नागिरीच्या माणसाला ती पाहताच आपली जाखडी ओळखू येईल. घरात शुभकार्याला गोंधळ घालण्याची चालही तिथे टिकली. लहानशा वस्तीने पिढ्यानपिढ्या जपलेला हा पुरावा एका माणसाचे गाव सांगू शकत नाही, पण शोध कोणत्या मुलखात घ्यायचा याची दिशा देतो. घराचा कुलदेव कोणता, गोंधळात कोणत्या देवांची नावे घेतात, हे विचारले तर तालुक्याच्या जवळपास पोचता येते.

दुसऱ्या टोकाची जबाबदारी

बिहारमध्ये या शोधाची फळे दिसली आहेत. मॉरिशसचे नवीनचंद्र रामगुलाम पंतप्रधान असताना २००८मध्ये भोजपूर जिल्ह्यातल्या हरिगावी आले, तिथून त्यांचे आजोबा मॉरिशसला गेले होते. त्रिनिदादच्या पंतप्रधान कमला प्रसाद-बिसेसर २०१२मध्ये बक्सरजवळच्या भेलूपूर या आपल्या पूर्वजांच्या गावी आल्या. त्यांच्यासाठी सरकारी यंत्रणा हलली. केंद्र सरकारनेही २००८मध्ये मूळ शोधू पाहणाऱ्या परदेशस्थ भारतीयांसाठी योजना सुरू केली. मार्च २०२४मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसमध्ये जाहीर केले की मूळ भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांना सातव्या पिढीपर्यंत ‘ओसीआय’ (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डासाठी पात्र धरले जाईल. सातवी पिढी म्हणजे थेट १८४०-५०च्या दशकांपर्यंत, नेमका मुंबईहून गेलेल्यांचा काळ. पूर्वज भारतातून आला हे दाखवणारी वहीतली ओळ यामुळे कौटुंबिक आठवणीपलीकडे जाऊन हक्काचा पुरावा झाली आहे.

महाराष्ट्राने या बाबतीत मागे राहू नये असे मला मनापासून वाटते. गिरमिट पद्धत बंद व्हावी म्हणून ४ मार्च १९१२ रोजी केंद्रीय विधिमंडळात ठराव मांडणारे गोपाळ कृष्ण गोखले रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचे. ठराव तेव्हा फेटाळला गेला, पण १९१७मध्ये भरती थांबली आणि १९२०च्या आरंभी उरलेले करारही संपले. ज्या जिल्ह्याने या पद्धतीविरुद्ध बोलणारा माणूस दिला, त्याच जिल्ह्याने तिच्या जहाजांना माणसेही दिली होती. ती माणसे कोणत्या वाडीची होती, हे आपण सांगू शकलो पाहिजे.

त्यासाठी करण्यासारखी कामे आवाक्यातली आहेत. मॉरिशसच्या वह्यांत मुंबईहून गेलेल्यांची जी गावे लिहिली आहेत, त्यांची एक वेगळी यादी करावी. कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी ती वाटून घ्यावी आणि प्रत्येक लेखनासमोर संभाव्य गाव, वाडी, आजचा तालुका लिहावा. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी जाऊन ती नावे म्हाताऱ्यांसमोर उच्चारावीत. ‘आमच्यातला एक जण बोटीने गेला, परत आला नाही’ अशी आठवण आजही काही घरांत असेल, ती नोंदवावी. मोडी येणाऱ्यांनी खोती गावांची बोटखते वाचून बापांची नावे वेगळी काढावीत. गाववार यादी एकदा तयार झाली की मॉरिशसहून येणाऱ्या पुढच्या माणसाला दहा कार्यालयांच्या पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत.

वह्या लिहिणाऱ्यांनी या माणसांना क्रमांक दिले, कारण त्यांच्या कामाला क्रमांक पुरेसा होता. मॉरिशसच्या अभिलेखपालांनी त्या वह्या ओल, कसर आणि विस्मरण यांपासून वाचवल्या. नाव, बापाचे नाव, जहाज, तारीख एवढे त्यांनी आपल्यापर्यंत आणून पोचवले आहे. गावाचा रकाना वाचून पुरा करणे हे त्या गावांत राहिलेल्यांचे काम आहे, आणि जुनी नावे ओळखणारी म्हातारी माणसे आहेत तोवर ते हाती घेतले पाहिजे.